पडद्यावरची आडवी रेघ

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादमधल्या एका शाळेची अडगळीची खोली आवरण्याचे काम सुट्टीत निघाले. मोडक्या बाकांच्या मागे, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली एक जुना कृष्णधवल दूरचित्रवाणी संच निघाला. लाकडी पेटी, पुढे सरकते दार, वीस इंची पडदा आणि मागच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ. भंगारवाला फाटकाशीच उभा होता. पण ‘एकदा लावून तर पाहू’ असा मुलांनी धोशा लावला आणि आम्हालाही मोह आवरला नाही. प्लग लावला. अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून खरखर ऐकू आली आणि काळ्या पडद्याच्या बरोबर मध्यावर एक झगझगीत पांढरी आडवी रेघ उमटली. बस्स. तिच्या वर काही नाही, खाली काही नाही.

लगेच तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले ट्यूब गेली, कोणी म्हणाले ट्रान्सफॉर्मर जळला. आमच्यापैकी दोघे पदार्थविज्ञान शिकवतात. कॅथोड किरण नळीची आकृती आम्ही फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. तरीही समोरच्या रेघेचा अर्थ आम्हाला सांगता येईना, याची थोडी लाज वाटली. शेवटी शहागंजातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी संच आणायला सांगितले नाही, पेचकसही हातात घेतला नाही. फक्त दोन प्रश्न विचारले. “सर, आवाज येतोय का? आणि रेघ आडवी आहे की उभी?” आम्ही उत्तर दिले तसे ते हसले. “मग तुमचा संच जवळजवळ सगळा चांगला आहे. एकच कोपरा बिघडलाय.”

संच न पाहता हे त्यांना कसे कळले? या लेखात आपण तेच समजून घेणार आहोत. सर्किटची पुस्तके पाठ नसलेल्या माणसालाही बिघाडाचा माग काढता येतो, मात्र त्याला दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, पेटी उघडण्याआधी विचार करणे. दुसरी, जिवाला जपणे.

चित्र कसे तयार होते?

पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकात, म्हणजे मानेत, एक छोटा तापक असतो. तो तापला की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. पडद्याच्या बाजूच्या अतिउच्च विद्युतदाबामुळे ते वेगाने पुढे ओढले जातात आणि पडद्याच्या आतल्या लेपावर आदळतात. जेथे झोत आदळतो तेथे प्रकाशाचा ठिपका दिसतो. म्हणजे ट्यूबला स्वतःहून येते ते फक्त एवढेच, पडद्याच्या मध्यावर एक ठिपका काढणे.

या ठिपक्याला पडदाभर फिरवायचे काम मानेवर बसवलेल्या तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांचे असते. कारागीर याला ‘योक’ म्हणतात. योकमध्ये वेटोळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी झोताला डावीकडून उजवीकडे नेते, दुसरी वरून खाली. भारतातल्या पद्धतीत एक पूर्ण चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. म्हणजे झोताला सेकंदाला ६२५ × २५ = १५,६२५ वेळा आडवे धावावे लागते. एका ओळीला जेमतेम ६४ मायक्रोसेकंद मिळतात. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, आधी विषम ओळी आणि मग सम ओळी असे काढले जाते. त्यामुळे झोत वरून खाली सेकंदाला ५० वेळा उतरतो. शेतात तिफण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, वळते आणि थोडी सरकून पुन्हा जाते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आपला झोत एकाच दिशेने पेरतो आणि रिकाम्या हाताने परततो.

आडवे आणि उभे, दोन्ही चलन चालू असेल तर पडदाभर एकसारखा उजेड पडतो. या उजेडाला ‘रास्टर’ म्हणतात. झोत कोठे तीव्र आणि कोठे मंद करायचा ही सूचना प्रक्षेपणातून येते, आणि त्यातून चित्र उमटते.

रेघ काय सांगते?

आता आपल्या रेघेकडे या. ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो आहे, पण वरून खाली उतरत नाही. त्यामुळे सगळ्या ओळी एकाच जागी, एकमेकींवर पडत आहेत. रेघ इतकी झगझगीत का, याचेही उत्तर यातच आहे. जो उजेड पडदाभर पसरायचा तो एका रेघेत साठला आहे. अशी रेघ दिसली की आधी उजेडाचे बटण कमी करावे, नाहीतर तेथील लेप जळून पडद्यावर कायमचा डाग पडतो.

पण रेघेचा खरा उपयोग वेगळाच आहे. काय बिघडले यापेक्षा काय शाबूत आहे हे ती अधिक सांगते. तिची साक्ष एकेक करून काढू.

रेघ दिसते, म्हणजे तापक तापतो आहे आणि कॅथोड इलेक्ट्रॉन देतो आहे. पडद्याचा लेप चांगला आहे. अतिउच्च दाब तयार होतो आहे. मुख्य वीजपुरवठा ठीक आहे. रेघ पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे, म्हणजे आडव्या चलनाचा सगळा विभाग काम करतो आहे. स्पीकरमध्ये खरखर आहे, म्हणजे आवाजाचा विभागही जिवंत आहे. उरले काय? उभ्या चलनाचा विभाग. त्यात सेकंदाला ५० ठोके देणारा दोलक, त्या ठोक्यांना बळ देणारा ट्रान्झिस्टर किंवा आयसी, योकची उभ्या चलनाची जोडी आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा व सांधे येतात. शेकडो भागांच्या संचातून आपण एका दृष्टिक्षेपात दहा-पंधरा भागांवर आलो. कारागिरांच्या दोन प्रश्नांची करामत ती हीच.

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. आडवे चलन बंद पडले तर पडद्यावर उभी रेघ दिसेल का? मुले पटकन ‘हो’ म्हणतील. पण बहुतेक संचांत पडदा साफ काळा होतो. कारण अतिउच्च दाब आडव्या चलनाच्या विभागातूनच मिळवलेला असतो. झोत उजव्या कडेवरून झटकन डावीकडे परततो त्या क्षणी लाइन ट्रान्सफॉर्मरमध्ये दाबाचा मोठा ठोका बसतो, आणि त्याला वाढवून हजारो व्होल्ट मिळवतात. म्हणून आडवे चलन थांबले की अतिउच्च दाब जातो आणि दिसायला रेघही उरत नाही. योकची आडवी जोडी किंवा तिची तार तेवढी तुटली, तरच उभी रेघ दिसण्याची शक्यता असते. म्हणून आडवी रेघ नेहमीची आणि उभी रेघ विरळा.

आधी जीव, मग संच

बिघाडाचा विभाग कळला की हात शिवशिवतात. येथेच थांबावे. जुना दूरचित्रवाणी संच हे घरातल्या धोकादायक उपकरणांपैकी एक आहे, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ धोकादायक राहतो. धोके तीन आहेत, ते नीट ओळखू.

पहिला धोका चॅसिसचा. अनेक जुन्या संचांत विजेच्या दोन तारांपैकी एक थेट चॅसिसला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा धातूचा सांगाडा २३० व्होल्टवर जातो. अशा संचाचे प्लॅस्टिकचे बटण निघाले असेल तर आतल्या धातूच्या दांडीला हात लावणेही जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका साठवलेल्या विजेचा. घरातल्या २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. वीज थेट एकदिश करून घेणाऱ्या संचात मुख्य फिल्टर कपॅसिटर जवळपास या दाबापर्यंत भरतो. तो १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यातली ऊर्जा ½CV² या सूत्राने सुमारे ५ ज्यूल येते. पिक्चर ट्यूबही एक कपॅसिटरच आहे. तिच्या काचेच्या आत आणि बाहेर वाहक लेप आहेत. कृष्णधवल संचात तिच्यावर साधारण १५ हजार, रंगीत संचात २० ते २५ हजार व्होल्ट असतात. तिची धारकता फार कमी असल्याने ऊर्जा कमी भरते, पण बसणारा झटका जबर असतो. त्या दचक्यात हात आपटून मान फुटल्याचे प्रसंग कारागीर सांगतात.

तिसरा धोका पोकळीचा. ट्यूबच्या आत निर्वात आहे. वीस इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस सेंटिमीटर, आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका. म्हणजे नुसत्या पडद्यावर सव्वा टनाच्या आसपास भार सतत असतो! ट्यूब फुटली तर काचा आधी आत आणि मग बाहेर उडतात. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये.

या सगळ्यावर आम्ही स्वतःसाठी एकच नियम केला आणि तो भिंतीवर लिहून ठेवला : चालू संचाला फक्त डोळे आणि कान, बंद संचाला हात. मागचे झाकण उघडे असेल तेव्हा प्लग भिंतीत नसेल, आणि प्लग भिंतीत असेल तेव्हा झाकण बंद असेल. कारागीर चालू संचात मोजमापे घेतात. त्यामागे वर्षांचा सराव आणि वेगळे साहित्य असते. नवशिक्याने ती बरोबरी करू नये. बंद संचातही शोधण्यासारखे पुष्कळ असते.

प्लग काढल्यावर मुख्य कपॅसिटर रिकामा करण्यासाठी त्याच्या दोन टोकांना १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर अवाहक दांड्यांनी काही सेकंद लावतात. १०० मायक्रोफॅरडसाठी कालांक एक सेकंद येतो, त्यामुळे पाच सेकंदांत दाब दोन-तीन व्होल्टवर उतरतो. मग मल्टिमीटरने खात्री करावी. नुसता पेचकस लावून ठिणगी पाडू नये. ट्यूबच्या रबरी टोपीखालचा भार उतरवताना आधी तार ट्यूबच्या बाहेरच्या लेपावरील वेणीदार पट्टीला जोडतात. मग तारेचे दुसरे टोक चांगल्या अवाहक मुठीच्या पेचकसाला बांधून तो टोपीखाली सरकवतात. दुसरा हात पाठीमागे ठेवतात. काही मिनिटांनी थोडा भार पुन्हा जमतो, म्हणून हे दोनदा करतात. ही कृती पहिल्यांदा जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी आणि आपण पाहावी. विद्यार्थ्यांच्या हाती ती कधीच देऊ नये. आम्हीही कारागिरांनाच शाळेत बोलावले.

एका दिव्याची राखण

आले ते आधी आमच्यावरच रागावले. “इतकी वर्षे बंद पडलेला संच थेट लावलात?” चूक आमचीच होती. फिल्टर कपॅसिटरच्या आत ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. संच वर्षानुवर्षे पडून राहिला की तो थर कमजोर होतो. एकदम पूर्ण दाब दिला तर कपॅसिटर तापून फुटू शकतो.

त्यांच्याकडचा उपाय साधा आणि सुंदर आहे. एका लाकडी पाटावर दिव्याचा होल्डर आणि सॉकेट एकसरीत जोडलेले. त्यात १०० वॅटचा तारेचा दिवा. संचाला वीज मिळते ती या दिव्यातून. दुरुस्तीच्या दुकानांत याला ‘सिरीज लॅम्प’ म्हणतात. संचात कोठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो, आणि त्याच्या ५२९ ओहम रोधामुळे प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आतच राहतो. काही जळत नाही. संच ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तो क्षणभराचा उजेड म्हणजे कपॅसिटर भरत असल्याची खूण. दिवा मुळीच पेटला नाही तर वीज आत पोचतच नाही, म्हणजे वायर, स्विच किंवा फ्यूज पाहावा. एका दिव्यात तीन निदाने!

दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. येथे एलईडी दिवा चालत नाही, तारेचाच दिवा लागतो. थंड तारेचा रोध कमी आणि तापलेल्या तारेचा कितीतरी जास्त, या गुणावर तर सगळी युक्ती उभी आहे. आणि हा दिवा संचाला वाचवतो, माणसाला नाही. शॉक लागायचा तो दिवा असतानाही लागतो.

शोध आणि दुरुस्ती

संच बंद, कपॅसिटर रिकामा, ट्यूबचा भार उतरवलेला. रंगकामाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडली. योकमधून चार तारा बोर्डाकडे जात होत्या. मल्टिमीटरने दोन्ही जोड्यांचे रोध पाहिले. आडव्या जोडीचा रोध अगदी कमी आणि उभ्या जोडीचा त्याहून जास्त आला. दोन्ही अखंड होत्या, म्हणजे योक चांगला. आता उरले बोर्डावरचे भाग आणि सांधे.

या वेळी एका मुलीने सहज सांगितले, “आमच्या आजोबांकडचा टीव्ही थापटी मारली की लागायचा.” सगळे हसले. कारागीर हसले नाहीत. “ती थापटी म्हणजे तपासच होता,” ते म्हणाले. खरेच आहे. ठोका दिल्यावर जो दोष जातो तो जळलेल्या भागाचा नसतो. जळलेला भाग थापटीने बरा होत नाही. तो दोष कोठेतरी सुटलेल्या सांध्याचा असतो. ज्या पिढीने आपापल्या घरी टीव्हीला थापट्या मारल्या, तिने नकळत हा प्रयोग केलेला आहे.

बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीवर बसवलेल्या उभ्या चलनाच्या ट्रान्झिस्टरचे पाय जेथे डाखले होते, तेथे एका पायाभोवती केसासारखी बारीक काळी गोल चीर दिसली. पाय आणि डाख यांच्यात फट पडली होती. याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

ही चीर का पडते? ट्रान्झिस्टर चालताना तापतो, बंद केल्यावर थंड होतो. तांबे, डाख आणि बोर्ड तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. रोज एकदा लावला असे धरले तरी दहा वर्षांत सांधा ३,६५० वेळा ताणला जातो आणि सैल पडतो. तार एकाच जागी वाकवत राहिल्यावर तुटते, तसेच हे. म्हणून चीर शोधायची ती तापणाऱ्या आणि जड भागांच्या पायांशी, योकच्या प्लगशी, ट्रान्सफॉर्मरच्या टाचण्यांशी. हा अंदाज आंधळा नाही. पदार्थविज्ञानानेच जागा दाखवलेली आहे.

२५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने जुना डाख काढला, पाय घासून साफ केला आणि नवा डाख दिला. चांगला डाख चकचकीत आणि डोंगरासारखा उतरता दिसतो. गोल गोटीसारखा दिसला तर तो नुसता वर बसला आहे, धरलेला नाही. सांध्याला तापवून डाख त्यावर वितळवावा, आयर्नच्या टोकावरून थेंब टाकू नये. हे काम मुलांना निरुपयोगी बोर्डांवर आधी करू द्यावे. डाखात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात धुवावेत.

झाकण लावले, सिरीज लॅम्प जोडला, प्लग लावला. दिवा उजळला, मंदावला. रेघ दिसली आणि पाहता पाहता वर-खाली पसरत पडदाभर मुंग्याच मुंग्या झाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खर्च किती, तर बोटभर डाखाच्या तारेचा.

इतर लक्षणे कशी वाचावीत?

हीच रीत इतर बिघाडांना लावता येते. प्रत्येक वेळी आधी विचारायचे, चालू काय आहे?

*उजेड नाही, आवाजही नाही.* वीजपुरवठ्याकडे पाहा. काचेच्या फ्यूजमधली तार नुसती तुटलेली असेल तर तो वयाने गेला असू शकतो. काच आतून काळी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज लावून पाहू नये, आणि फ्यूजच्या जागी तार तर कधीच बांधू नये.

*मुंग्या दिसतात पण चित्र नाही.* हे पुष्कळ चांगले लक्षण आहे. मुंग्या म्हणजे संचाच्या पहिल्या टप्प्यांत आणि अँटेनात असलेला गोंगाट, पुढच्या टप्प्यांनी वाढवून दाखवलेला. म्हणजे वाढवणारे विभाग शाबूत आहेत, संकेत येत नाही.

*चित्र वर किंवा खाली पळते.* उभ्या चलनाचे ठोके प्रक्षेपणाच्या ठोक्यांशी जुळत नाहीत. मागचे उभ्या चलनाचे, म्हणजे ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण फिरवावे. चित्र तिरक्या पट्ट्यांत फाटत असेल तर आडव्या चलनाचे जुळत नाही.

*चित्रावर काळपट आडवा पट्टा हळूहळू सरकतो आणि कडा वळवळतात.* फिल्टर कपॅसिटर थकला आहे. विजेची ५० हर्ट्‌झची लहर चित्रात शिरली आहे. झोतही सेकंदाला ५० वेळाच उतरतो, म्हणून एकच पट्टा दिसतो. दोन्ही अर्धलहरी वापरणारा पुरवठा असेल तर लहर १०० हर्ट्‌झची होते आणि पट्टे दोन दिसतात. पट्टे मोजून पुरवठ्याचा प्रकार ओळखता येतो!

*चित्र चारही बाजूंनी आक्रसते.* पुरवठ्याचा दाब कमी आहे. मराठवाड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडले की हे घरोघरी दिसायचे. टीव्हीच्या शेजारी स्टॅबिलायझर असायचा तो यासाठीच.

मुंग्यांच्या पुढे

आमच्या संचावर चित्र का आले नाही? दोष संचाचा नव्हता. ऐंशीच्या दशकात या शहरात छपराछपरावर अँटेना उभे राहिले. वाऱ्याने अँटेना वळला की एकाने गच्चीवर चढायचे आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. म्हैसमाळच्या डोंगरावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड नीट झाले की चित्र स्वच्छ यायचे. पण २०२२ पर्यंत दूरदर्शनने देशातले अॅनालॉग भूप्रक्षेपण जवळजवळ पूर्ण थांबवले. संच ऐकायला तयार आहे, बोलणारे कोणी उरले नाही.

तरी उपाय आहे. सेट-टॉप बॉक्स किंवा जुन्या डीव्हीडी प्लेअरचे चित्र ‘आरएफ मॉड्युलेटर’ नावाच्या छोट्या डबीतून संचाच्या अँटेनाच्या जागी देता येते. संचाच्या दृष्टीने तीच डबी म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र. मात्र संच फोडून आत थेट तारा डाखू नयेत. चॅसिस विजेला जोडलेली असेल तर बाहेरचे उपकरणही २३० व्होल्टवर जाईल. अँटेनाची जागा कारखान्यातच अलग केलेली असते, तीच वापरावी.

या शहराला असे संच नवे नाहीत. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांसाठी टीव्हीची जोडणी आणि तपासणी हे रोजीरोटीचे काम झाले. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पिक्चर ट्यूबचे संच बाजारातून त्याआधीच हटले होते. आता दुरुस्तीच्या दुकानांत सपाट पडद्याचे संच येतात. त्यांत बहुधा आख्खा बोर्डच बदलतात. आत काय बिघडले हे दुरुस्त करणाऱ्यालाही दिसत नाही. जुन्या संचाचे शैक्षणिक मोल यातच आहे. त्याचा प्रत्येक दोष पडद्यावर स्वतःची आकृती काढून दाखवतो, आणि ती वाचायला आठवी ते दहावीचे पदार्थविज्ञान पुरते.

ज्याची ट्यूबच गेली आहे असा संच मात्र भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ देऊ नये. क्ष-किरण अडवण्यासाठी ट्यूबच्या काचेत शिसे मिसळलेले असते, रंगीत ट्यूबमध्ये तर ते किलोच्या हिशोबात असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा संच नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवा.

वर्गात संच नसला तरी हा धडा घेता येतो. फळ्यावर संचाचे विभाग चौकटींनी काढा : वीजपुरवठा, ट्यूनर, आवाज, आडवे चलन, उभे चलन, ट्यूब. एका विद्यार्थ्याने मनात एक चौकट बिघडवायची आणि पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल एवढेच सांगायचे. बाकीच्यांनी शाबूत चौकटी एकेक करून खोडत जायचे. जी उरेल ती बिघडलेली. आमच्या मुलांनी हा खेळ तासभर खेळला. शेवटी एकाने विचारले, “सर, डॉक्टरही असंच करतात का?”

आमचा संच आता प्रयोगशाळेत आहे. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला नाही, त्याला मोडके बाक मिळाले.